मुंबईतील बालगुन्हेगारी, नशा आणि मनाचे दुखणे

किरकोळ गुन्हा करणाऱ्या मुलांना तुरुंगात न डांबता एखाद्या धंद्यात उमेदवारीला लावण्याची सोय १८५०च्या कायद्याने झाली. मुंबईत १८५७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या नावाचे सुधारगृह उभे राहिले. हाताला काम मिळाले की मूल सुधारते, ही त्यामागची धारणा. १९२४च्या मुंबई बालक कायद्याने गुन्हेगार मुलांबरोबर निराधार मुलांचाही विचार केला. अशा मुलांसाठी १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली.

मनाकडे लक्ष गेले ते त्यानंतर. टाटा समाजकार्य विद्यालयाने १९३७ मध्ये मुंबईत बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. चोरी, शाळा बुडवणे, घरातून पळून जाणे यांची मुळे घरातल्या भांडणांत आणि मुलाच्या भीतीत शोधायची, ही या कामाची दृष्टी. पण अशी केंद्रे मोजकीच राहिली.

१९८०च्या दशकात शहरात ब्राउन शुगर, म्हणजे ‘गर्द’, पसरली. चांदीच्या कागदावर पूड ठेवायची, खालून पेटती काडी धरायची आणि उठणारा धूर नळीने ओढायचा. काही दिवसांतच नशा उतरताना ‘टर्की’ सुरू होई: अंग मोडून येई, पोटात पिळवटे, झोप उडे. ती टाळण्यासाठी पैसे हवेत. मग घरातली भांडी विकली जात, खिसे कापले जात. १९८५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायदा झाला. १९८६ मध्ये पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तिथे व्यसनाकडे आजार म्हणून पाहिले गेले आणि उपचारांत कुटुंबालाही सामावून घेतले गेले.

रेल्वे फलाटांवरच्या मुलांची नशा स्वस्तातली. व्हाइटनर किंवा पंक्चरचे सोल्यूशन चिंधीवर ओतून ती मुठीत धरून हुंगायची. भूक मरते, रात्रीची भीती बोथट होते. नशेच्या धुंदीत आणि नशेच्या पैशासाठी चोरी घडते, पकडल्यावर मार बसतो. मार विसरायला पुन्हा चिंधी. देशव्यापी सर्वेक्षणाचा २०१९ मधील अहवाल सांगतो, की हुंगण्याच्या नशेचे प्रमाण प्रौढांत ०.५८ टक्के, तर मुलांत १.१७ टक्के आहे.

२०१५च्या बाल न्याय कायद्याने मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी ठेवली. मुलांकरवी अमली पदार्थ विकणे हाही गुन्हा ठरला. समुपदेशन आणि व्यसनमुक्ती पुनर्वसनाचा भाग झाली. चोरी, नशा आणि मनाचे दुखणे एकाच मुलाच्या वाट्याला येते. म्हणून त्यावरचे उपायही एकत्रच करावे लागतात.