प्रदेशाचे वर्णन आणि प्रदेशाचा हिशेब : ओक्लाहोमा विद्यापीठाच्या ग्रंथप्रकाशनातील एक प्रकरण

विद्यापीठाने आपल्या प्रदेशाची संस्कृती आणि निसर्ग यांविषयीचे ग्रंथ प्रसिद्ध करावेत, हे तत्त्व आज सर्वमान्य झाले आहे. लोकगीते, बोली, पक्षी, वनस्पती, स्थानिक इतिहास असे विषय व्यापारी प्रकाशकाला सहसा परवडत नाहीत. ते काम विद्यापीठाकडे येते आणि ते योग्यही आहे. तथापि या तत्त्वाच्या पोटात एक अवघड प्रश्न दडलेला आहे. प्रदेशाविषयीचा एखादा ग्रंथ त्या प्रदेशातील वजनदार माणसांनाच दोषी ठरवू लागला, तर त्यांच्याच विधिमंडळाच्या अनुदानावर चालणाऱ्या विद्यापीठाने काय करावे? अमेरिकेतील ओक्लाहोमा विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेपुढे हा प्रश्न १९३७ च्या सुमारास प्रत्यक्ष उभा राहिला. त्या प्रकरणाचा परामर्श प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

आरंभ नावापासूनच करणे सोयीचे होईल. ‘ओक्लाहोमा’ हा शब्द चॉक्टॉ भाषेतील आहे. ‘ओक्ला’ म्हणजे लोक आणि ‘होमा’ म्हणजे तांबडा. चॉक्टॉ, चिकसॉ, चेरोकी, क्रीक आणि सेमिनोल ही पाच राष्ट्रे मूळची अमेरिकेच्या आग्नेय भागातील. १८३० च्या स्थलांतराच्या कायद्यानंतर त्यांना मिसिसिपी नदीच्या पश्चिमेस नेण्यात आले. हे समाज अक्षरशून्य नव्हते. सेक्वोया याने १८२१ मध्ये चेरोकी भाषेसाठी अक्षरलिपी सिद्ध केली आणि १८२८ मध्ये त्या लिपीत वृत्तपत्रही निघाले. नव्या भूमीत या राष्ट्रांनी आपापली विधिमंडळे, न्यायालये आणि शाळा उभारल्या. तेथील जमीन व्यक्तीच्या मालकीची नसून समग्र राष्ट्राच्या मालकीची होती. गवत उगवते आणि पाणी वाहते आहे तोवर ही भूमी तुमचीच राहील, अशा अर्थाची वचने त्यांना देण्यात आली होती.

ती वचने पाळली गेली नाहीत. १८९३ मध्ये नेमलेल्या डॉज आयोगाच्या व १८९८ च्या कर्टिस कायद्याच्या द्वारे सामुदायिक भूमीचे व्यक्तिशः वाटप करण्यात आले. १६ नोव्हेंबर १९०७ रोजी ओक्लाहोमा हे घटकराज्य झाले. पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, संघराज्याच्या कायद्याने अनेक खातेदारांच्या जमिनींवरील विक्रीचे निर्बंध उठवले आणि अज्ञान मुलांच्या मालमत्तेचा कारभार स्थानिक जिल्हा न्यायालयांकडे सोपवला. ज्या मुलाच्या वाट्याच्या जमिनीखाली तेल लागे, त्याला पालक मिळण्यास वेळ लागत नसे. न्यायालयाने नेमलेले हे पालक पाल्याच्या उत्पन्नातून आपले शुल्क वसूल करीत आणि पुष्कळदा ती जमीनही हातची जाई.

या राज्यात विद्यापीठाची प्रकाशनसंस्था निघाली ती १९२८ मध्ये, अध्यक्ष विल्यम बेनेट बिझेल यांच्या पुढाकाराने. तिचे पहिले संचालक जोसेफ ब्रँट हे वृत्तपत्रव्यवसायातून आलेले, उत्साही आणि धाडसी गृहस्थ होते. नव्या राज्याच्या नव्या विद्यापीठाने पूर्वेकडील जुन्या विद्यापीठांचे अनुकरण करू नये, आपल्या पायांखालच्या मातीकडे पाहावे, अशी त्यांची दृष्टी होती. नॉर्मन हे तेव्हाचे लहान गाव. पण त्याच गावातून याच सुमारास, १९२९ ते १९३२ या काळात, बेंजामिन बॉटकिन यांनी ‘फोक-से’ या नावाने प्रादेशिक लोकसाहित्याचे चार खंड संपादित केले. लोकांच्या तोंडच्या बोलण्यालाच साहित्याचा दर्जा देणारे हे शीर्षक भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. १९३२ मध्ये ब्रँट यांनी अमेरिकन इंडियनांच्या संस्कृतीला वाहिलेली स्वतंत्र ग्रंथमाला सुरू केली. ती पुढे अनेक दशके चालली आणि त्या विषयाच्या अभ्यासाचा पायाच होऊन बसली.

या मालेतील आरंभीच्या ग्रंथांपैकी एक म्हणजे जॉन जोसेफ मॅथ्यूज यांचा ‘वाकाँ-ता’ (१९३२). मॅथ्यूज हे स्वतः ओसेज समाजातील, भूगर्भशास्त्राचे पदवीधर आणि ऑक्सफर्डला शिकून आलेले. लेबन माइल्स या क्वेकर अधिकाऱ्याच्या टिपणांवरून त्यांनी ओसेज लोकांच्या संक्रमणकाळाचे हे चित्र रेखाटले. ‘बुक ऑफ द मंथ क्लब’ या वाचकसंस्थेने हा ग्रंथ निवडला. विद्यापीठीय प्रकाशनाला असा मान तोवर मिळालेला नव्हता. प्रादेशिक विषयाला प्रदेशाबाहेर वाचक नसतो, हा समज त्यामुळे खोटा ठरला.

मॅथ्यूज यांनी १९३२ नंतर ओसेज टेकड्यांतील ओकच्या रानात दगडी घर बांधून एकांतवास पत्करला. तेथील ऋतुचक्रावरचा त्यांचा ‘टॉकिंग टू द मून’ हा ग्रंथ १९४५ मध्ये शिकागो विद्यापीठाने प्रसिद्ध केला. त्याची रचना ओसेज लोकांच्या चांद्रमासांनुसार केलेली आहे. मे महिन्याला त्या गणनेत लहान फुलांना मारणारा चंद्र म्हणतात. वसंतात उमललेल्या बारीक फुलांचे पाणी आणि प्रकाश त्या महिन्यात उंच वाढणारी झाडे हिरावून घेतात, असा त्या नावातील अर्थ. निसर्गाचे निरीक्षण आणि भाषा एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत, याचा याहून चांगला दाखला मिळणे कठीण. महिन्यांची ही नावे लुप्त झाली असती, तर त्या रानाविषयीचे एक ज्ञानही त्यांच्याबरोबर गेले असते.

येथपर्यंतचा इतिहास कोणत्याही विद्यापीठास भूषणावह वाटावा असाच आहे. आता अँजी डेबो यांच्याकडे वळू. त्यांचा जन्म १८९० मध्ये कॅन्ससमध्ये झाला. १८९९ मध्ये त्यांचे शेतकरी कुटुंब ओक्लाहोमातील मार्शल या गावी आले. म्हणजे त्या स्वतः नव्याने आलेल्या वसाहतवाल्यांपैकीच होत्या. त्यांच्या लेखनाचा विचार करताना हे ध्यानात ठेवले पाहिजे. १९३३ मध्ये त्यांनी ओक्लाहोमा विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. चॉक्टॉ प्रजासत्ताकाच्या उदयास्तावरील त्यांचा ग्रंथ विद्यापीठाने १९३४ मध्ये प्रसिद्ध केला आणि त्याला अमेरिकन इतिहास परिषदेचे डनिंग पारितोषिक मिळाले. साहजिकच त्यांचा पुढचा ग्रंथही विद्यापीठाने स्वीकारला. त्याचा विषय होता पाच राष्ट्रांच्या जमिनींचे वाटपानंतर काय झाले, हा. शीर्षक होते ‘अँड स्टिल द वॉटर्स रन’, म्हणजे ‘आणि पाणी अजून वाहतेच आहे’. वचनातील उपमाच त्यांनी वचनभंगाच्या कथेला शीर्षक म्हणून दिली.

या विषयावर त्यापूर्वी कोणी काही लिहिलेच नव्हते, असे नाही. भेद होता तो वाक्यरचनेत. ‘जमिनी हस्तांतरित झाल्या’, ‘खातेदार निर्धन झाले’, ‘तेलाचे उत्पन्न इतरत्र गेले’ ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहेत. त्यांत क्रिया आहे, तिचे फळ आहे. क्रिया करणारा मात्र नाही. अशा वाक्यांत लिहिलेला इतिहास कोणालाही दुखावत नाही, कारण त्यात जे घडते ते पावसासारखे आपोआप घडते. डेबो यांनी सरकारी दप्तरे आणि न्यायालयीन कागद चाळून प्रत्येक क्रियापदाला त्याचा कर्ता मिळवून दिला. कोणत्या न्यायालयाने, कोणत्या पालकाच्या नावे, कोणत्या मुलाची जमीन दिली, हे त्यांनी नावानिशी नोंदवले. त्या कर्त्यांपैकी काही जण ग्रंथ लिहिला गेला तेव्हा हयात होते आणि राज्यात प्रतिष्ठित होते.

विद्यापीठ कचरले. बदनामीचे खटले होतील आणि राजकीय रोष ओढवेल, ही भीती होती. ब्रँट यांना ग्रंथ छापावयाचा होता, परंतु अखेर करार मागे घेण्यात आला. या निर्णयाचा निषेध करणे आज सोपे आहे. त्या वेळची परिस्थितीही पाहिली पाहिजे. तो महामंदीचा आणि धुळीच्या वादळांचा काळ होता. राज्याची तिजोरी रिकामी होती आणि विद्यापीठाचे वेतनही त्या तिजोरीतूनच निघत होते. बिझेल यांनी आपली संस्था वाचवली, असेही कोणी म्हणू शकेल. परंतु संस्था कशासाठी वाचवावयाची, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. जमिनीखेरीज प्रदेशाची संस्कृती कशावर उभी राहणार? गीते, बोली आणि पक्षी यांचे ग्रंथ छापावयाचे आणि ती जमीन कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली एवढेच सांगावयाचे नाही, ही विद्येची मांडणी मुळातच अपुरी होती.

ग्रंथ वाचला तो एका योगायोगाने. १९३८ मध्ये ब्रँट हे प्रिन्स्टन विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेचे संचालक झाले. त्यांनी डेबो यांचे हस्तलिखित तेथे मागवून घेतले आणि १९४० मध्ये ते प्रसिद्ध केले. जे ओक्लाहोमात छापता आले नाही, ते दूरच्या न्यू जर्सीत छापले गेले. पुढच्याच वर्षी क्रीक राष्ट्राच्या इतिहासावरील डेबो यांचा ‘द रोड टू डिसअपिअरन्स’ हा ग्रंथ मात्र ओक्लाहोमानेच काढला. त्याच वर्षी ब्रँट विद्यापीठाचे अध्यक्ष म्हणून परत आले होते. डेबो यांना इतिहासाच्या प्राध्यापकाचे कायमचे पद कोठेच मिळाले नाही. राज्याच्या विधानभवनात त्यांचे तैलचित्र लागले ते १९८५ मध्ये, त्यांच्या वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी.

या कथेला आणखी एक उत्तरार्ध आहे. ९ जुलै २०२० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मॅकगर्ट खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला. क्रीक राष्ट्राचे राखीव क्षेत्र संघराज्याच्या विधिमंडळाने कधीही कायद्याने संपुष्टात आणलेले नाही, म्हणून फौजदारी अधिकाराच्या दृष्टीने ते आजही अस्तित्वात आहे, असे न्यायालयाने म्हटले. निकालपत्राच्या आधारग्रंथांत डेबो यांच्या ग्रंथांचा निर्देश आहे. ज्या ग्रंथाला स्वतःच्या राज्यात मुद्रक मिळाला नव्हता, तो ऐंशी वर्षांनी त्याच राज्याविरुद्धच्या खटल्यात पुरावा म्हणून उभा राहिला.

यावरून आपण काय घ्यावे? ओक्लाहोमाची प्रकाशनसंस्था पुढेही उत्तम काम करीत राहिली. मॅथ्यूज यांचा ओसेज लोकांवरील बृहद्ग्रंथ तिने १९६१ मध्ये आणि जॉर्ज सटन यांचा ओक्लाहोमातील पक्ष्यांवरील ग्रंथ १९६७ मध्ये प्रसिद्ध केला. ‘टॉकिंग टू द मून’ही तिने १९८१ मध्ये पुन्हा छापला. एका निर्णयावरून सबंध संस्थेचे मूल्यमापन करणे अन्यायाचे होईल. मात्र विद्यापीठाची नवी ग्रंथसूची हाती आली की आपण सहसा तीत काय आहे तेवढेच पाहतो. कोणता ग्रंथ येता येता थांबला, हे सूचीत कधीच छापलेले नसते. एकच विद्यापीठ असते, तर डेबो यांचे हस्तलिखित कपाटातच राहिले असते. दुसरे होते म्हणून ते वाचले.

आपल्याकडे तालुक्यांचे इतिहास, बोलींची सर्वेक्षणे आणि लोकसाहित्याची संकलने करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रस्तुत लेखकाची एवढीच सूचना आहे. आपल्या प्रबंधातील ‘झाले’, ‘गेले’, ‘नष्ट पावले’ या क्रियापदांपाशी क्षणभर थांबावे आणि त्यांचा कर्ता कोण, हे दप्तरात शोधावे. तो सापडल्यास लिहावा. त्यानंतर तो छापण्याची जबाबदारी विद्यापीठाची आहे.