शोक, शाप आणि पोवाडा

आदिकाव्याचा उगम शोकांत आहे, हें आपण पाठशाळेपासून ऐकत आलों. परंतु वाल्मीकीच्या मुखांतून निघालेला तो पहिला श्लोक नुसता विलाप नव्हे. तो निषादास दिलेला शाप आहे, याकडे रसचर्चेंत सहसा लक्ष जात नाहीं. शोकास अपराधी सांपडला कीं गीतांत राजकारण शिरतें, असें आम्हांस वाटतें. आणि मराठी पोवाड्यांतील करुणरस याच कसोटीवर घासून पाहण्याजोगा आहे.

श्रीमंत नारायणराव पेशवे यांचा वध शके १६९५ मध्यें, ता. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं, ऐन गणेशोत्सवांत शनिवारवाड्यांत झाला. वय अवघें अठरा. मारणारे वाड्याचेच गारदी. आणि संशय प्रत्यक्ष चुलत्यावर. ‘ध’चा ‘मा’ केल्याची कथा कागदोपत्रीं सिद्ध झालेली नाहीं. पण लोकांनीं ती सोडली नाहीं, हेंही एक प्रमाणच आहे. गंगाबाई गरोदर, बारभाईंचा डाव मांडलेला, आणि ता. १८ एप्रिल १७७४ रोजीं पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म. अशा वेळीं नारायणरावांसाठीं रडणारा मनुष्य, त्यास कळो वा न कळो, बारभाईंच्या पक्षास जाऊन बसत होता. दादासाहेबांचा हक्क शास्त्रार्थानें जितका खचला, त्याहून त्या अश्रूंत अधिक बुडाला असेल.

उलट सवाई माधवरावांचा अंत पाहा. ऑक्टोबर १७९५ मध्यें वाड्यांतून उंचावरून पडून ते गेले. प्रभाकराचा त्यावरील पोवाडा प्रसिद्धच आहे. पण त्या घटनेंत हातीं शस्त्र घेतलेला कोणी नाहीं. म्हणून तेथें शोक दैवाकडे वळतो आणि शाप अर्ध्यावर राहतो.

तथापि गीत राजकीय ठरतें तें केवळ शब्दांनीं नव्हे. १८९१ त मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर ॲक्वर्थसाहेब यांनीं शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापिला, व १८९४ त कित्येकांचीं इंग्रजी रूपांतरेंही प्रसिद्ध केलीं. शिवछत्रपतींचा पराक्रम त्यांत होताच. सरकारास त्याची भीति वाटली नाहीं. पुढें १९०९ त नाशकास गणेश दामोदर सावरकर यांस कवितांच्या एका लहान पुस्तकाबद्दल जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि देवांचीं व शिवाजीचीं नांवें हें केवळ निमित्त होय, असें म्हणून हायकोर्टानें ती कायम केली. तीं पद्यें शोकपर नव्हतीं, हें खरें. पण अठरा वर्षांत शिवाजी बदलला नव्हता. त्याचें नांव ऐकून निषाद कोण हें ओळखणारे श्रोते मात्र तयार झाले होते, आणि न्यायासनानें तेवढें बरोबर हेरलें.

येथेंच आम्हां संग्राहकांची उणीव उघडी पडते. शाहिराचें नांव बहुधा शेवटच्या चौकांत मिळतें. श्रोत्यांचें नांव मिळत नाहीं. बाडाच्या कडेस कोणी ‘अमक्याचे वाड्यांत म्हटला’ असें खरडलेलें असलें, तर नकल करणारा तें अशुद्ध अक्षर म्हणून गाळतो. समासांतील अशा ओळी, जमाखर्चाचीं पानें, मालकाची सही, हीं सर्व मूळ पाठासोबत जशींच्या तशीं उतरून घ्यावींत, एवढीच बाडें बाळगणाऱ्या सद्गृहस्थांस आमची विनंति आहे.