बाद गडी परत कसा येतो

कबड्डीत चढाईपटू दोघांना शिवून मध्यरेषेवर परतला, की गुणफलकावर दोन गुण चढतात आणि टाळ्या पडतात. त्याच वेळी मैदानाबाहेर बसलेले त्याचे दोन गडी उठून आत येतात. टाळ्यांच्या गजरात हे उठणं बहुतेकांच्या नजरेतून निसटतं. खेळाची सगळी रंगत मात्र त्यातच आहे, आणि हा नियम ठरायला बराच काळ जावा लागला.

बोरगाव हे निपाणी तालुक्यातलं महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरचं गाव. बोरगाव, निपाणी, पलीकडे इचलकरंजी, असा हा सलग मराठी बोलणारा पट्टा. इथल्या, किंबहुना सगळ्याच मराठी मुलखातल्या पोरांना मरण्या-उठण्याचे नियम कबड्डीच्या आधीच कळलेले असतात. विषामृतात ज्याच्यावर राज्य असतं तो ‘विष’ म्हणत शिवतो, शिवलेला जागीच थिजतो. एखाद्या सवंगड्याने धावत येऊन ‘अमृत’ म्हणत हात लावला, तरच तो सुटतो. दमलेल्याला ‘टाइम प्लीज’ म्हणून घटकाभर थांबता येतं. फारच लहान असेल तर तो कच्चं लिंबू. त्याच्यावर राज्य येत नाही. हे नियम कुणी छापले नाहीत, तरी गल्लीत त्यांची अंमलबजावणी कडक असते.

हुतुतूत, म्हणजे जुन्या कबड्डीत, बाद झालेल्याचं काय करायचं, याच्या जुन्या तीन रीती होत्या. गामिनीत बाद झालेला बाहेर जाई तो संपूर्ण संघ बाद होईपर्यंत परत येत नसे. डावाला वेळेचं बंधन नव्हतं. पहिल्याच चढाईत पकडला गेलेला तगडा गडी मग बाकीचा डाव नुसता बघत बसे. अमर याच्या अगदी उलट: बाद झालेला मैदान सोडतच नसे, समोरच्यांना फक्त गुण मिळे. पण बाद होऊनही जागा सुटत नसेल तर बाद होण्याची भीती कुठली? आणि कोण किती वेळा बाद झाला, याचा हिशेब ठेवणाऱ्याचे हाल वेगळेच. तिसरी रीत संजीवनी. तिच्यात समोरचा एक बाद केला की आपला एक उठतो.

१९२१ साली महाराष्ट्रात या खेळाच्या नियमांची चौकट आखली गेली, तेव्हा संजीवनी आणि गामिनी यांचा मेळ घालण्यात आला. १९२३ मध्ये एका समितीने त्या नियमांत दुरुस्त्या केल्या आणि त्याच वर्षीच्या अखिल भारतीय स्पर्धेत ते लावले गेले. त्या काळी बोरगावचा बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो म्हैसूर राज्यात गेला. राज्याची सीमा हलली, पण तिच्या दोन्ही अंगांना उठण्याचा नियम एकच राहिला.

या नियमाचं नाव ज्या संजीवनी विद्येची आठवण देतं, तिची कथा महाभारताच्या आदिपर्वात आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘विद्याहरण’ने १९१३ मध्ये ती मराठी रंगभूमीवर आणली होती. शुक्राचार्य मेलेल्या असुरांना उठवत, देवांकडे ती विद्या नव्हती. युद्धात उठण्याची सोय एकाच बाजूला, म्हणून देवांकडच्या कचाला शत्रूच्या गुरूकडे शिष्य होऊन जावं लागलं. कबड्डीत ही विद्या दोन्ही बाजूंना सारखीच मिळते. नियमकर्त्यांनी केलेली ही वाटणी मोलाची आहे.

जखमी पात्राने पुन्हा कधी उभं राहायचं, हा प्रश्न पुढे अमेरिकेतल्या एका बैठ्या खेळालाही पडला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये आला. त्याच्या सुरुवातीच्या नियमांत मंत्र-औषधाशिवाय जखम भरायला दिवसच्या दिवस लागत. २०१४ च्या आवृत्तीत आठ तासांची मोठी विश्रांती घेतली की पात्र पूर्ण बरं होतं. तिथे निव्वळ काळ गेल्यानेही प्रकृती सुधारते. कबड्डीत बाहेर कितीही वेळ बसा, विश्रांतीने काही मिळत नाही. आतल्या सोबत्यांनी कमावून आणलं तरच उठता येतं.

आजच्या कबड्डीत एका संघाचे सात जण मैदानात असतात. उठण्याचा क्रम बाद होण्याच्या क्रमानेच चालतो, आणि प्रशिक्षकाची खरी डोकेदुखी इथे आहे. संघाचा हुकमी चढाईपटू तिसरा बाद झाला असेल, तर आधीचे दोघे उठल्याशिवाय त्याला आणता येत नाही. ‘आधी त्याला घ्या’ म्हणायची सोय नाही. त्यामुळे कच्च्या गड्यालाही त्याची पाळी हक्काने मिळते. चांगला खेळाडू मागे बसला म्हणून पुढच्या कच्च्या गड्याचा नंबर कुणी कापू शकत नाही. गामिनीत असं संरक्षण कुणालाच नव्हतं. बोनस रेषा ओलांडून मिळवलेल्या गुणावर मात्र कुणीही उठत नाही. सगळेच बाद झाले तर समोरच्यांना लोणाचे दोन जादा गुण मिळतात आणि सातही जण एकदम परत येतात.

त्यामुळे दोघेच उरलेल्या संघापुढे अवघड निवड असते. बचाव करत एकेक गडी उठवायचा, की लोण पत्करून सातही जणांना लवकर मैदानात आणायचं? सामना संपत आला असेल आणि पिछाडी थोडीच असेल, तर ते दोन गुण जड जातात; वेळ भरपूर उरली असेल तर पूर्ण संघ पुन्हा हाताशी येणं फायद्याचं ठरू शकतं.