बेचक्यापासून तिपाईपर्यंत

हत्यारांचा इतिहास लिहितांना लोक धारेचा, दारूचा आणि पल्ल्याचा विचार करितात. हत्यार ज्याच्यावर टेकवावयाचें त्या टेकूचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. वस्तुतः मनुष्याचा हात हा मोठा अस्थिर आहे. छाती श्वासाबरोबर वर-खालीं होते, नाडीचा ठोका बोटापर्यंत पोंचतो, आणि उभा डोंगर चढून आलेल्या शिकाऱ्याच्या ठायीं तर हे दोन्ही दोष बळावतात. बंदुकीची नळी एका अंशाच्या साठाव्या भागाइतकी हालली, तर शंभर यार्डांवर गोळी सुमारें एक इंच चुकते, तीनशें यार्डांवर तीन इंच. आणि दमलेला हात ह्याच्या कितीतरी पट हालतो. मग जें जनावर जागच्या जागीं पडावयाचें, तें जखमी होऊन कोठेंतरी दरीत तडफडत मरतें. टेकूचा इतिहास म्हणजे ही थरथर आवरण्याचा इतिहास होय; आणि त्यांत पहिल्यापासून एकच पेंच आहे. टेकू जितका जड, तितका तो स्थिर. परंतु जितका जड, तितका तो वाहणाराच्या खांद्याला नकोसा.

युरोपांत हा पेंच सोळाव्या शतकांत ठळकपणें पुढें आला. त्या काळची मस्केट नांवाची तोड्याची बंदूक इतकी अवजड असे कीं, ती नुसत्या हातावर पेलून नेम धरणें दुरापास्त होतें. म्हणून प्रत्येक शिपायाजवळ एक बेचकें असे: खालीं अणकुचीदार, वर लोखंडी दुबेळकें असलेली खांद्याएवढी काठी. याकोब द गेन ह्या डच चित्रकारानें १६०७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या कवाइतीच्या पुस्तकांत ह्या शिपायाच्या एकेक हालचालीचें चित्र आहे. तीं चित्रें पाहिलीं म्हणजे त्या बापड्याची कींव येते. पेटता तोडा, बंदूक, दारूच्या पुड्या आणि बेचकें ह्या चारांना त्याचे हात मात्र दोनच! पुढें सतराव्या शतकांत बंदुकाच हलक्या होत गेल्या आणि सैन्यानें बेचकें टाकून दिलें.

पूर्वेकडे ह्याच पेंचाला दोन निराळीं उत्तरें निघालीं. एक उत्तर असें कीं, भार मनुष्यानें वाहूंच नये, जनावरावर टाकावा. उंटाच्या खोगिरावर फिरत्या खुंटीवर बसविलेली लहान तोफ म्हणजे शुतरनाळ. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर अब्दालीच्या शुतरनाळांनीं मराठी फौजेची काय दशा केली, हें महाराष्ट्राला सांगावयास नको. खुंटीवर तोंड हवें तिकडे फिरवावयाचें हें जें तत्त्व तेथें होतें, तेंच आजच्या तिपाईच्या फिरत्या माथ्यांत आहे.

दुसरें उत्तर तिबेटी शिकाऱ्याचें. पंधरा हजार फुटांच्या आसपासच्या त्या पठारावर झाड नाहीं, आडोसा नाहीं, आणि चार पावलें धांवलें तरी दम लागतो. तेथल्या शिकाऱ्यानें टेकू निराळा न बाळगतां बंदुकीलाच जोडून टाकला. नळीखालच्या लांकडाला बिजागरीनें दोन पाय बसविलेले. चालतांना ते नळीलगत मिटावयाचे, नेम धरतांना खालीं पाडून जमिनींत रोवावयाचे. ह्या पायांना पुष्कळदां चिरू नांवाच्या तिबेटी हरणाचीं लांब, सरळ शिंगें लाविलेलीं असत. एका शिकारीचीं शिंगें दुसऱ्या शिकारीला टेकू होत! ओझ्यांत भर थोडी, आणि हरवण्याची भीति नाहीं. डोंगराळ मुलुखांत कोणतीही वस्तु एकाच कामासाठीं वाहूं नये, हा धडा त्यांनीं गिरविला होता.

तथापि टेकूच्या इतिहासांतील सर्वांत काळें पान अमेरिकेंत लिहिलें गेलें. उत्तर अमेरिकेच्या विस्तीर्ण गवताळ मैदानांत बायसन नांवाच्या रानबैलांचे अफाट कळप चरत. १८७१ च्या सुमारास त्यांच्या कातड्यापासून यंत्रांच्या पट्ट्यांना योग्य असें चामडें कमावण्याची युक्ति साधली, आणि आगगाडी तर मैदानांत येऊन पोंचलीच होती. मग कातडीसाठीं शिकार करणाऱ्यांच्या टोळ्याच उठल्या. त्यांच्याजवळ शार्प्स बनावटीची जड रायफल आणि तिच्यासाठीं एक साधा टेकू असे: दोन काठ्या, वरच्या टोकाजवळ चामड्याच्या वादीनें बांधून कातरीसारख्या फांकविलेल्या. शिकारी वाऱ्याच्या उलट बाजूस दोनतीनशें यार्डांवर निवांत बसे आणि कळपाची म्होरकी गाय प्रथम पाडी. पुढारी पडल्यावर बाकीचीं जनावरें पळ न काढतां तेथेंच घोटाळत राहत. एकाच जागीं बसून एक मनुष्य अशीं कित्येक डोकीं लोळवी. ह्या संहाराला त्या दोन काठ्या कारण नव्हत्या हें खरें. परंतु जड रायफल तासन्‌तास पेलून धरणें त्यांच्याचमुळें शक्य झालें. १८८६ मध्यें विल्यम हॉर्नाडे हे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयासाठीं नमुने मिळवावयास माँटानांत गेले, तेव्हां त्यांना बायसन शोधावे लागले. त्यांनीं १८८९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अहवालांत उरलेल्या बायसनांची अंदाजी संख्या भरली ती अवघी १०९१!

योगायोग असा कीं, त्याच १८७१ सालीं त्याच देशांत दुसरा एक टेकू अगदीं निराळ्या कामाला लागला होता. हेडन ह्यांच्या सरकारी मोजणी-पथकाबरोबर विल्यम हेन्री जॅक्सन नांवाचा छायाचित्रकार यलोस्टोनच्या डोंगरांत गेला. अवजड कॅमेरा, काचा, औषधें आणि तिपाई हा सारा संसार खेंचरांच्या पाठीवर. ओल्या कांचेवर प्रकाश पडूं देण्यास त्या वेळीं कित्येक सेकंद लागत. तेवढा वेळ कॅमेरा हालला तर चित्र फुकट. म्हणून तिपाईवांचून त्याचें पानही हालत नसे. त्या चित्रांनीं अमेरिकन काँग्रेसचें मन वळविण्यास हातभार लाविला, आणि १ मार्च १८७२ रोजीं अध्यक्ष ग्रँट ह्यांच्या सहीनें यलोस्टोन हें राष्ट्रीय उद्यान झालें. त्यांतील जनावरें मारणारास शिक्षा देणारा कडक कायदा मात्र १८९४ पर्यंत झाला नाहीं. तरीही, मैदानांत दोन काठ्यांनीं ज्या प्राण्याचा निःपात चालविला होता, त्याचा थोडासा वंश जेथें तगला, ती जागा राखली जाण्यास ह्या तीन पायांचीही मदत झाली.

पुढें शिकारीला हंगाम आले, परवाने आले, कोणतें जनावर मारावें व कोणतें मारूं नये ह्याचे नियम आले. आणि टेकू बंदुकीखालून निघून डोळ्याखालीं आला. अलास्काच्या बहुतेक भागांत पांढऱ्या डॉल मेंढ्याची शिकार करणारास असें बंधन आहे कीं, नराच्या निदान एका शिंगाचा वेढा पुरा झालेला असावा, किंवा दोन्ही शिंगांचीं टोकें तुटलेलीं असावींत, किंवा त्याचें वय निदान आठ वर्षांचें असावें. वय ओळखावयाचें तें शिंगावरील वार्षिक वळीं मोजून; आणि तेंही समोरच्या कड्यावर उभ्या असलेल्या सावध मेंढ्याचें! चाळीस किंवा साठ पट मोठें दाखविणारी दुर्बीण त्याला लागते. परंतु साठ पट दाखविणारी दुर्बीण हाताची थरथरही साठ पट दाखविते. म्हणून येथें तिपाई ही चैन नसून गरज आहे.

येथें तो जुना पेंच पुनः उभा राहतो. दुर्गम डोंगरांत पायीं जाणारा शिकारी तंबू, अंथरूण आणि कित्येक दिवसांचा शिधा पाठीवर घेऊन चढतो, आणि शिकार साधली तर मांसही पाठीवरूनच उतरवितो. तिपाई प्रथम लांकडाची होती, मग अॅल्युमिनियमची झाली, आणि १९९० नंतरच्या दशकांत कार्बन फायबरची आली. अॅल्युमिनियम पाण्याच्या २.७ पट जड, तर कार्बन फायबर सुमारें १.६ पट, शिवाय त्यांतील कंप लवकर विरतो. परंतु वजन केवळ द्रव्यानें कमी होतें असें नव्हे. कित्येकदां तें पायांच्या नळ्या बारीक करून कमी केलेलें असतें, आणि फसगत होते ती तेथेंच. पत्र्याची जाडी तीच ठेवून नळीचा व्यास निम्मा केला, तर तिचा ताठपणा निम्मा राहत नाहीं. तो आठव्या हिश्श्यावर येतो. पायांना घड्या जास्त, तर तिपाई मिटल्यावर आंखूड होते खरी. पण शेवटचा तुकडा बोरूएवढा राहतो. मधला दांडा वर ओढून उंची वाढविणें म्हणजे तीन पायांवर पुनः एक पाय उभा करणें होय. म्हणून जाणता शिकारी तो दांडा घरींच ठेवतो, शक्य तेथें जमिनीवर बसून पाय आंखूड ठेवूनच पाहतो, आणि वारा सुटला तर तिपाईला दगडांची पिशवी लोंबकळवितो. वजन डोंगरावर आयतें मिळतें. तें घरून कशाला न्यावें?

माथ्याची निवड कामावर ठरते. उखळीच्या सांध्याचा माथा हलका, आटोपशीर, एका मळसूत्रानें आवळला जाणारा. परंतु तो सैल करतांच जड दुर्बीण चहूंकडे मान टाकते. आडवी व उभी हालचाल निरनिराळी ठेवणारा माथा थोडा जड व अडचणीचा. परंतु त्याच्या योगानें समोरची डोंगराची बाजू, पोथीच्या ओळी वाचाव्या तशी, एकेक पट्टा करून निरखतां येते. दिवसाचा मोठा भाग ज्याला पाहण्यांतच घालवावयाचा आहे, त्यानें दुसऱ्याचें ओझें सोसावें हें बरें. त्याच तिपाईवर दुर्बीण उतरवून रायफल बसवितां आली, तर एका ओझ्यांत दोन कामें होतात. तिबेटी शिकाऱ्याचा धडा तो हाच.

स्थिर टेकू मनुष्याला सदसद्विवेक देत नाहीं. तो फक्त अवकाश देतो. मैदानांतील शिकाऱ्यानें तो अवकाश आणखी एक कातडें मिळविण्यांत खर्चिला. कड्यासमोर बसलेला शिकारी त्याच अवकाशांत शिंगाचा वेढा पाहतो, वळीं मोजतो. वेढा अपुरा आणि वळीं सातच भरलीं, तर तो तिपाई मिटून रिकाम्या हातीं खालीं उतरतो, आणि मेंढा आपल्या कड्यावर चरत राहतो. तीन पायांचें तें ओझें डोंगरावर वाहून नेण्याचें सार्थक त्या दिवशींही झालेलेंच असतें.