तापमापीचे वाचन आणि तापमान व काळ यांच्या एककांचे रूपांतर

तापमापीचे वाचन म्हणजे तापमापीवरील आकडा अचूक टिपणे व तो कोणत्या एककात आहे हे ओळखणे होय. सेमाडोह (तालुका चिखलदरा, जिल्हा अमरावती) हे मेळघाट व्याघ्र प्रकल्पातील, परतवाडा–धारणी मार्गावरील सिपना नदीकाठचे गाव आहे. अशा दुर्गम गावांत आशा कार्यकर्ती घरोघरी जाऊन नवजात बाळाची तपासणी करते. तिच्या साहित्यात तापमापी व घड्याळ या दोन्ही वस्तू असतात; त्यांचे चुकीचे वाचन बाळाच्या जिवावर बेतू शकते.

वाचन

पाऱ्याची वैद्यकीय तापमापी साधारणपणे ३५° ते ४२° सेल्सिअस एवढेच तापमान दाखवते. तिच्या नळीत फुग्याजवळ एक अरुंद भाग असतो. त्यामुळे वर चढलेला पारा आपोआप खाली येत नाही व काखेतून काढल्यावरही आकडा वाचता येतो. याच कारणाने वापरापूर्वी ती झटकणे आवश्यक असते. न झटकल्यास आधीच्या रुग्णाचा ताप थंड पडलेल्या बाळाच्या नावे लिहिला जातो. वाचताना डोळा पाऱ्याच्या टोकाच्या समपातळीत असावा.

जागतिक आरोग्य संघटनेनुसार नवजात बाळाचे तापमान ३६.५° ते ३७.५° से. असावे. त्याखाली बाळ थंड पडू लागले असे समजतात, ३२° से.च्या खालील अवस्था अतिगंभीर होय. परंतु ३५° पासून सुरू होणारी तापमापी ३३° दाखवूच शकत नाही. म्हणून नवजातांसाठी कमी तापमान मोजू शकणारी तापमापी लागते.

तापमानाचे रूपांतर

वऱ्हाडात ‘पारा पंचेचाळीसवर गेला’ म्हटले की ते सेल्सिअस आणि ‘ताप शंभरावर आहे’ म्हटले की ते फॅरनहाइट, हे कोणाला सांगावे लागत नाही. नोंदवहीत मात्र एकक लिहिलेच पाहिजे.

फॅ = (से × ९ ÷ ५) + ३२
से = (फॅ − ३२) × ५ ÷ ९

त्यानुसार ३६.५° से. म्हणजे ९७.७° फॅ., ३७.५° से. म्हणजे ९९.५° फॅ. आणि ९५° फॅ. म्हणजे ३५° से. केल्विनसाठी सेल्सिअसमध्ये २७३.१५ मिळवतात.

विद्यार्थ्यांची नेहमीची चूक तापमानातील फरकाबाबत होते. बाळाचे तापमान २° से.ने उतरले, तर फॅरनहाइटमध्ये ते ३.६°ने उतरले, येथे ३२ मिळवायचे नाहीत. सूत्रात आकडा घालून ३५.६ असे उत्तर काढणे निरर्थक आहे.

काळाचे रूपांतर

दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक असल्यास ते जलद मानतात. नवजाताचा श्वास अनियमित असल्याने अर्धा मिनिट मोजून दुप्पट करणे योग्य नव्हे. पूर्ण ६० सेकंद मोजावे लागतात.

काळाची एकके साठाच्या पटीत असल्याने दशांश चिन्ह फसवते. १.५ तास म्हणजे १ तास ३० मिनिटे, १ तास ५० मिनिटे नव्हे. पंचांगातील घटकाही साठाचीच: ६० पळे म्हणजे १ घटका, ६० घटका म्हणजे १ अहोरात्र. त्यामुळे १ घटका २४ मिनिटांची व १ पळ २४ सेकंदांचे होते. अडीच घटका म्हणजे बरोबर १ तास.