गुण्याची परीक्षा

घरीं चार फळ्या जोडावयास बसलेला हौशी मनुष्य पहिली फट दिसतांच हत्यारांना बोल लावतो. महाग हत्यारांवांचून अचूक काम होत नाहीं, ही समजूत कितपत खरी आहे, हें इतिहासालाच विचारूं.

इजिप्तमध्यें नाईलच्या पश्चिमेस देर अल्-मदीना हें राजांचीं थडगीं खोदणाऱ्या व रंगविणाऱ्या कारागिरांचें गांव होतें. त्यांतील सेनेजेम याची कबर १८८६ सालीं सांपडली. तींत लांकडी गुण्या आणि ओळंबा टांगावयाची लांकडी त्रिकोणी चौकट निघाली. हीं साधनें सुमारें ३२०० वर्षांपूर्वींचीं आहेत.

असा गुण्या आपणांसहि घरीं करतां येतो, व त्याच्या परीक्षेस दुसरा गुण्या लागत नाहीं. सरळ कडेच्या फळीस तो टेकवून रेघ ओढावी. मग पालथा करून त्याच बिंदूपासून दुसरी ओढावी. रेघा एकावर एक बसल्या तर काटकोन खरा; फांकल्या तर त्या अंतराच्या निम्मी चूक गुण्याची.

चौकटीचेंहि तसेंच. आडव्या पट्टीवर ओळंब्याच्या दोरीची खूण करावी, पायांची अदलाबदल करून पुन्हां करावी. दोहोंचा मध्य हीच समपातळीची खूण.

तेव्हां फट दिसली तर बाजाराकडे धांवण्यापूर्वीं गुण्या एकदां उलटून पाहावा.