संमोहनाची किल्ली कोणाच्या हाती?

‘संमोहन’ या शब्दाच्या पोटात ‘मोह’ आहे; आणि मोह म्हटला की मोहात पाडणारा कोणी दुसरा गृहीत धरला जातो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तर संमोह हा क्रोधातून उपजणारा व स्मृतिभ्रंशाकडे नेणारा विकार आहे. मग ‘स्वसंमोहन’ म्हणजे काय? आपणच आपल्याला भुरळ कशी घालायची? आमच्या मते या कोड्याचे उत्तर व्युत्पत्तीपेक्षा इतिहासात अधिक सापडते, आणि त्या इतिहासातील कळीचा माणूस गोमंतकीय आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये फ्रांझ मेस्मर रुग्णांवर ‘प्राणिज चुंबकत्वा’चे उपचार करीत असे. त्यामागे एक अदृश्य द्रव असल्याचा त्याचा दावा होता. १७८४ मध्ये राजाने नेमलेल्या आयोगाने (बेंजामिन फ्रँकलिन व लाव्हाझिए त्यात होते) असा द्रव नाही, परिणाम कल्पनाशक्तीचा आहे, असा निर्वाळा दिला. पण केवळ कल्पनेने एवढे घडत असेल, तर ती शक्ती कोणाची? हा प्रश्न पुढे नेला तो बार्देशातील कांदोळी येथे १७५६ मध्ये जन्मलेल्या आबे फारिया यांनी. १८१३ पासून ते पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग करू लागले. समोरच्याला स्वस्थ बसवायचे, डोळे मिटून निद्रेवर चित्त एकाग्र करायला सांगायचे आणि मग झोपण्याची आज्ञा द्यायची, एवढीच त्यांची रीत. १८१९ मध्ये ‘सुबोध निद्रे’वरील ग्रंथात त्यांनी मांडले ते असे: द्रव नाही, चुंबक नाही, प्रयोगकर्त्याच्या ठायी अलौकिक सामर्थ्यही नाही, कारण असते ते निद्रिस्ताच्या स्वतःच्या ठायी. त्याच वर्षी, पुष्कळ टवाळी सोसून, ते निवर्तले.

पुढे १८४३ मध्ये जेम्स ब्रेड यांच्या ग्रंथाने ‘हिप्नॉटिझम’ला शास्त्रीय परिभाषा दिली. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समधील नान्सी येथे एमिल कुए या औषधविक्रेत्याने फारियांचा विचार थेट घराघरांत नेला. आपण कोणालाही बरे करीत नाही, लोक स्वतःलाच बरे करतात, असे ते सांगत. निजताना व उठताना एक साधे, होकारार्थी वाक्य स्वतःशी पुटपुटायचे, ही त्यांची शिकवण. अंग सैल सोडणे, श्वास संथ करणे आणि स्वतःला सूचना देणे हा आजच्या घरगुती स्वसंमोहनाचा क्रम याच परंपरेतला.

अमरावती-अकोल्याकडे या इतिहासाला वेगळेच महत्त्व आहे. आपल्याकडे जीव घाबरा झाला, झोप उडाली, की ‘बाहेरचे’ म्हणण्याची आणि मांत्रिकाचा उंबरठा गाठण्याची रीत जुनी. दुःखही बाहेरचे, त्याची किल्लीही बाहेरच्याच हाती! १९८२ मध्ये नागपूरला स्थापन झालेल्या अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे प्रा. श्याम मानव यांनी एकीकडे बुवाबाजीविरुद्ध मोहीम चालवली आणि दुसरीकडे स्वसंमोहनाच्या कार्यशाळा घेतल्या, हा आम्हाला योगायोग वाटत नाही. ‘अंगात येणे’ ही मनाचीच अवस्था असेल, तर त्याच मनाला शांत होणेही शिकवता यायला हवे. फारियांनी मेस्मरला दिलेले उत्तर वऱ्हाडात मांत्रिकालाही लागू पडते.

मात्र येथेच एक धोका संभवतो. किल्ली तुझ्याच हाती आहे, हे आश्वासन पाहता पाहता आरोप होऊ शकते: मग कुलूप उघडत नाही, तो दोष तुझाच! परीक्षेची धाकधूक, रात्रीची तळमळ यांवर स्वसंमोहनाचा उपयोग होतो. परंतु कापसाचा पडलेला भाव आणि सावकाराचे कर्ज सूचनेने फिटत नाही. गंभीर मनोविकाराला डॉक्टरच लागतो. ‘विश्राम’ या कार्यक्रमाने अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत नैराश्याविषयी घरोघर काम केले. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले: नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले होते. कोणी विचारपूस करायला आले, म्हणून माणसे बोलती झाली.

फारियांनी सत्ता प्रयोगकर्त्याकडून काढून घेतली, ती माणसाला मोकळे करण्यासाठी. त्याला एकटे सोडून देण्यासाठी नव्हे. स्वसंमोहनातल्या ‘स्व’चा अर्थ लावताना एवढे भान राखले, तरी पुरे.